सीर बनी यासची चितळे

अबुधाबीहून पश्चिमेकडे, सौदी सरहद्दीच्या दिशेने जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांनी नोकरीच्या निमित्ताने तुडवलेला आहे. रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या मागे पडल्या की जबल धन्ना लागते, आणि तिथून समोर समुद्रात नऊ-दहा किलोमीटरवर एक काळपट डोंगर दिसतो. ते सीर बनी यास बेट. इंग्रजी पाटीवर 'सर' असे वाचून कोणा गोऱ्या साहेबाचे नाव असावे असे वाटते, पण बनी यास हे अबुधाबीच्या टोळीसंघाचे नाव आहे आणि 'सर' या किताबाशी त्याचा काही संबंध नाही. क्षेत्रफळ सुमारे ८७ चौरस किलोमीटर. शेख झायेद यांनी १९७० च्या दशकात तिथे झाडे लावायला आणि प्राणी आणून सोडायला सुरुवात केली. आज बेटाचा जवळजवळ अर्धा भाग, म्हणजे ४१०० हेक्टर, वन्यप्राणी उद्यानासाठी राखलेला आहे.

काही हिवाळ्यांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो. बरोबर भारतातून आलेले माझे वडील होते. त्यांची सारी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात गेलेली. उघड्या जीपमधून हिंडताना मार्गदर्शकाने जिराफ दाखवला, पांढरेशुभ्र ओरिक्स दाखवले. मग एका वळणावर झाडांच्या सावलीत पंधरावीस जनावरांचा कळप दिसला. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके. बाबा एकदम पुढे सरसावून म्हणाले, "अरे, हे तर आपलं चितळ! हे इथे कुठून आलं?" मुलगी जन्मापासून अबुधाबीतली. तिने शांतपणे पर्समधून पंचवीस फिल्सचे नाणे काढले आणि त्यावरचे चित्र दाखवत म्हणाली, "आजोबा, हरीण असं असतं. याची शिंगं बघा, झाडाच्या फांद्यांसारखी आहेत. हे हरीण नाहीच."

"अगं, हरीण नाही तर काय शेळी आहे?"

दोघांनी निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिले. अभियांत्रिकीतल्या डॉक्टरेटचा अशा वेळी काडीचाही उपयोग होत नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. परत आल्यावर पुस्तके चाळली. त्यातून जे समजले ते आपल्या वाचकांसमोर मांडावे असे वाटले, कारण हा वाद केवळ आमच्या घरातला नसावा.

आधी शेळीचा निकाल लावू. बाबांनी रागाच्या भरात शेळी म्हटले, पण गंमत अशी की शेळीच्या जवळचे जनावर त्या नाण्यावरचे आहे, झाडाखाली उभे असलेले नव्हे.

आपल्या मराठीत 'हरीण' हा शब्द फार ऐसपैस आहे आणि 'शिंग' तर त्याहूनही. निसर्गात मात्र शिंगे दोन अगदी वेगळ्या जातीची असतात. पहिला प्रकार म्यानाचा. आत हाडाचा खुंट आणि त्यावर तलवारीच्या म्यानासारखे पोकळ आवरण. हे आवरण आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे असते. असे शिंग एकदा उगवले की जन्मभर वाढत राहते. ते गळत नाही आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची शिंगे या प्रकारची. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांचीही याच प्रकारची. दुसरा प्रकार आरपार हाडाचा. तो भरीव असतो, त्याला फांद्या फुटतात आणि तो ठरावीक काळाने मुळापासून गळून पडतो व पुन्हा नव्याने उगवतो. महाराष्ट्राच्या जंगलात सांबर, चितळ आणि भेकर यांची शिंगे अशी असतात. (पिसोरीला शिंगेच नसतात. ते इवलेसे जनावर दोन्ही घराण्यांच्या बाहेरचे.)

म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने काळवीट हे चितळापेक्षा गोठ्यातल्या शेळीला अधिक जवळचे. अबुधाबीचे जे हरीण आहे तेही त्याच घराण्यातले. 'धबी' म्हणजे गझेल. त्या गझेलच्या मागावर आलेल्या शिकाऱ्यांना गोड्या पाण्याचा झरा सापडला आणि वस्ती झाली, अशी अबुधाबीच्या नावामागची कथा सांगतात. अल रीम बेटाचे नावही 'रीम' या वाळवंटी गझेलवरूनच आले आहे. गझेल हा इंग्रजी शब्द अरबी 'गझाल'पासून आला. आपण जी गझल ऐकतो आणि वाचतो तिचीही मूळ अरबी अक्षरे तीच. खऱ्या अर्थाने शाखायुक्त शिंगांचे हरीण अमिरातीत निसर्गतः नाहीच. अरबीत त्याला 'अय्यिल' असा निराळा शब्द आहे, पण गझेलसाठी वेगवेगळी नावे सांगणारा इथला माणूस त्या शब्दाच्या वाटेला सहसा जात नाही. जे आसपास नाही त्याचे नाव कशाला लागेल?

तेव्हा मुलीचे शिंगांचे निरीक्षण बरोबर होते आणि बाबांचे चितळही बरोबर होते. पण बाबांनाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. नाण्यावरच्या गझेलची सख्खी चुलत बहीण आपल्याकडे आहे. ती म्हणजे चिंकारा. दोघींचे प्रजातिनाव एकच. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात, खुरट्या गवताच्या माळावर, चिंकारे आजही दिसतात. बाबांचे आयुष्य सागवानाच्या आणि बांबूच्या जंगलात गेले, त्यामुळे माळावरचे हरीण त्यांच्या हिशेबातच नव्हते. आपले हरीण कोणते, हे आपण कोणत्या जिल्ह्यातले यावरही अवलंबून असते.

आता चितळाकडे येऊ. चितळ हे नाव संस्कृत 'चित्रल' या शब्दावरून आले आहे. अर्थ ठिपक्यांचे, चित्रविचित्र. ('चितळे' म्हटल्यावर आपल्या तोंडाला आधी बाकरवडीचे पाणी सुटते, पण इथे ते साधे अनेकवचन आहे.) शास्त्रीय वर्णन १७७७ मध्ये एर्क्सलेबेन या जर्मन शास्त्रज्ञाने केले आणि आज त्याचे नाव 'अॅक्सिस अॅक्सिस' असे लिहितात. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका एवढाच त्याचा मूळ मुलूख. महाराष्ट्रात ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट इथे ते विपुल आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, लोकलच्या आवाजाच्या टप्प्यातही ते चरते.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे ९० सेंटिमीटर उंच आणि ७० ते ९० किलो वजनाचा. मादी बरीच हलकी, साधारण ५० किलोंच्या आसपास. अंगाचा रंग तांबूस, पाठीच्या कण्यावरून एक गडद पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांची ओळ. पोटाच्या वरच्या बाजूला ठिपके इतके जवळ येतात की तुटक रेघ वाटावी. गळ्यावर पांढरा डाग, पोट पांढरे, आणि शेपटीची खालची बाजूही पांढरी. पळताना शेपटी वर होते आणि ती पांढरी खूण मागच्यांना दिसते. म्हातारे नर गडद होत जातात. डोळ्यांच्या पुढे एक खाचेसारखी ग्रंथी असते, तिचा वास ते फांद्यांना लावून ठेवतात.

बहुतेक जातींच्या हरणांत ठिपके असलेच तर ते पाडसांना असतात आणि मोठेपणी जातात किंवा हिवाळ्यात फिके पडतात. चितळाचे ठिपके मात्र जन्मभर, बाराही महिने तसेच राहतात. असे का? पानगळीच्या जंगलात दुपारी जाऊन बसावे म्हणजे उत्तर समोर दिसते. पानांतून झिरपलेल्या उन्हाचे कवडसे जमिनीवर पडतात. त्यात उभे असलेले चितळ हालले नाही तर त्याची बाह्यरेषाच सापडत नाही. तांबूस रंगाचे काय, असा प्रश्न पडेल. आपल्याला तो रंग हिरव्या झाडीत उठून दिसतो, कारण आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या आहेत. वाघ, बिबट्या, रानकुत्री यांच्या डोळ्यांत त्या दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे त्यांना तांबडा आणि हिरवा हा भेद फारसा कळत नाही. ही सोय दोन्ही पक्षांना आहे बरे का! चितळाच्याही डोळ्यांत दोनच प्रकार. म्हणून आपल्याला भडक नारिंगी दिसणारा वाघ चितळाला सुक्या गवतासारखाच दिसतो. वाघ नारिंगी का, हे कोडे मला शाळेपासून होते. ज्याच्यासाठी तो वेषांतर करतो त्याला नारिंगी दिसतच नाही, हे उत्तर मिळायला चाळिशी उलटावी लागली.

शिंगांचे प्रकरण याहून अद्भुत आहे आणि त्यावर थोडे रेंगाळतो. शिंगे फक्त नराला असतात. दोन्ही बाजूंना मिळून सहा टोके असतात, म्हणजे प्रत्येकी तीन. एक कपाळाच्या पुढे येणारे आणि वर दोन. लांबी पाऊण मीटर, क्वचित मीटरभरही भरते. कवटीवर दोन कायमचे उंचवटे असतात, त्यांवर ही वाढ सुरू होते. सुरुवातीला शिंग मऊ असते आणि त्यावर लव असलेली कातडी असते. तिला मखमल म्हणतात. या मखमलीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू भरलेले असतात, हात लावला तर ती गरम लागते. तिच्या वाटे कॅल्शियम आणि इतर खनिजे शिंगात जातात. अन्नातून पुरेसे मिळाले नाही तर जनावर स्वतःच्या बरगड्यांसारख्या हाडांतून ते उसने काढते. पुढे अंगातले नर-संप्रेरक वाढले की शिंग आतून टणक होते, रक्तपुरवठा थांबतो, मखमल वाळते आणि नर झाडांना घासून ती काढून टाकतो. मग ते नुसते हाड उरते. मेलेले, टोकदार, झुंजीसाठी तयार. संप्रेरक उतरले की उंचवट्यापाशी हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि एके दिवशी शिंग गळून पडते. जखम भरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सस्तन प्राण्यांमध्ये एवढा मोठा अवयव दरवर्षी टाकून नव्याने उगवण्याची दुसरी व्यवस्था नाही. तुटलेले बोट आपल्याला पुन्हा येत नाही, मग हरणाला शिंग कसे येते, या प्रश्नावर जीवशास्त्रज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ पिढ्यान्पिढ्या काम करत आहेत. अभियंत्याच्या नजरेतून पाहिले तर हा उधळेपणा वाटतो. दरवर्षी अख्खे यंत्र भंगारात! पण जंगलात ते वायाही जात नाही. पडलेली शिंगे साळिंदरे कुरतडतात, कधी हरणेही चघळतात, आणि कॅल्शियम परत फिरते. शिवाय मादीच्या आणि प्रतिस्पर्धी नराच्या दृष्टीने ते शिंग म्हणजे यंदाचा ताळेबंद आहे. गेल्या वर्षीची पुण्याई त्यात चालत नाही.

थंड देशांतल्या हरणांचे हे चक्र दिवसाच्या लांबीला बांधलेले असते. सगळ्या नरांची शिंगे एकाच ऋतूत वाढतात आणि एकाच ऋतूत गळतात. चितळाचे तसे नाही. प्रत्येक नराचे स्वतःचे वेगळे वर्ष असते. एकाच कळपात एकाची शिंगे टणक, दुसऱ्याची मखमली आणि तिसरा बोडका, असे दृश्य कुठल्याही महिन्यात दिसते. मध्य भारतात माजाचा भर उन्हाळ्यात असतो, पण पाडसे वर्षभर जन्मत राहतात. जॉर्ज शाल्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात राहून चितळे आणि वाघ यांचा एकत्र अभ्यास केला आणि १९६७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या वन्यजीव-अभ्यासाची घडी त्या कामाने बसवली म्हटले तरी चालेल.

मादीचा गर्भकाळ साडेसात ते आठ महिन्यांचा. पाडस बहुधा एकच. पहिले काही दिवस आई त्याला झुडपात लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला येते. वाटेत एकटे पाडस दिसले तर ते टाकून दिलेले असते असे नव्हे, हे जंगलखात्याचे लोक पर्यटकांना सांगून थकले. चांगले अन्न मिळाले तर मादी दीड वर्षाच्या आत-बाहेर पहिल्यांदा विते आणि विल्यानंतर लवकरच पुन्हा गाभण राहू शकते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

कळप दहा-वीसपासून शंभरापर्यंत. खाणे मुख्यतः कोवळे गवत. ते वाळले की पाला, पडलेली फळे, मोहाची फुले. इथे वानरांशी त्यांची जी भागीदारी आहे ती पाहण्यासारखी असते. वानरे वर बसून खातात कमी आणि सांडतात जास्त, ते खाली चितळे वेचतात. वरून वानराला दूरचे दिसते, खालून चितळाला वास येतो. कोणीही एकाने इशारा दिला की दोघेही सावध होतात. चितळाचा इशारा म्हणजे एक तीक्ष्ण 'कुक्', आणि जोडीला पुढचा पाय जमिनीवर आपटणे. सगळ्यांचे कान एका दिशेला वळतात. ताडोब्यात गाइड हा आवाज ऐकला की जीप थांबवतो आणि कानांच्या दिशेने पाहतो. बहुधा वाघ तिकडेच असतो.

आणि पाणी. चितळाला पाणी रोज लागते, उन्हाळ्यात तर लागतेच लागते. त्यामुळे पाणवठ्यापासून ते फार दूर राहू शकत नाही. हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात त्याचे शरीर घडले. सावली, पाणी, गवत आणि वाघ, या चार गोष्टी गृहीत धरून त्याची सगळी रचना झालेली आहे. ठिपके सावलीसाठी, कळप आणि कुकणे वाघासाठी, एवढी पाडसे तीही वाघासाठीच, आणि दरवर्षीचे हाडाचे वैभव गवताच्या भरवशावर.

आता त्याच्या शेजारी इथल्या रीमला उभे करून पाहा. रंग वाळूसारखा फिका, पोट पांढरे. ठिपके नाहीत, कारण उघड्यावर कवडसे कुठले? पाणी न पिता ती कितीतरी दिवस काढते. झाडपाल्यातला ओलावा तिला पुरतो, लघवी अगदी घट्ट करून ती पाणी वाचवते. सौदी अरेबियातल्या अभ्यासात असे दिसले की अन्नपाणी तुटपुंजे झाले की वाळवंटी गझेलचे यकृत आणि हृदय आकाराने चक्क लहान होतात. जास्त प्राणवायू खाणारे अवयव लहान म्हणजे श्वास कमी, श्वास कमी म्हणजे श्वासावाटे जाणारे पाणी कमी. कंपनीने मंदीत खर्च कपात करावी तसे हे शरीर स्वतःचे कारखाने अर्धवट बंद करते, आणि सुगी आली की पुन्हा सुरू करते. पाऊस बरा झाला तर ती जुळीही देते. ओरिक्सची, म्हणजे 'महा'ची, युक्ती निराळी. दिवसा तो अंगाचे तापमान चढू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता सोडून देतो, म्हणजे घाम काढून पाणी घालवावे लागत नाही.

एवढी तयारी असूनही माणसाच्या मोटारी आणि बंदुकांपुढे हे प्राणी टिकले नाहीत. रानटी अवस्थेतला शेवटचा अरबी ओरिक्स १९७२ मध्ये ओमानमध्ये मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कळपांत उरलेल्यांची पैदास करून १९८२ मध्ये त्यांना ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडण्यात आले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या अल ऐनच्या प्राणिसंग्रहालयानेही या कामात मोठा वाटा उचलला. २०११ मध्ये ओरिक्सचा धोक्याचा दर्जा एका पायरीने सुधारला. नामशेष होऊन एवढा परतलेला प्राणी विरळाच. सीर बनी यासवरही ओरिक्स आणि गझेल यांचे मोठे कळप आहेत, आणि ते तिथे असण्याला अर्थ आहे. ते त्यांच्याच भूमीचे आहेत.

मग चितळाचे तिथे काय काम?

खरे सांगायचे तर काम असे नाही. ते सुंदर आहे म्हणून आणले, काळवीटही असेच आले. चितळाला सुंदर म्हणून परमुलखात नेण्याची ही पहिली वेळही नव्हे. १८६८ मध्ये हाँगकाँगहून हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा याला चितळे भेट म्हणून आली आणि मोलोकाई बेटावर सोडली गेली. १८८६ मध्ये ती ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेली, १९३२ मध्ये टेक्सासात, १९५९ मध्ये हवाईच्याच माउई बेटावर. आपल्या अंदमानातही चितळ मूळचे नाही. ब्रिटिश अमदानीत त्याला तिथे नेले.

या सगळीकडे काय झाले ते वर लक्षात ठेवायला सांगितलेल्या गोष्टीवरून कळेल. गवत होते, पाणी होते, वाघ नव्हता. वर्षभर वीत राहणाऱ्या, दीड वर्षात आई होणाऱ्या प्राण्याचा खर्चाचा रकाना कोरा राहिला आणि जमेचा भरत गेला. अंदमानात चितळे कोवळी रोपे खाऊन टाकतात, त्यामुळे जंगलाची खालची झाडी विरळ झाली आणि तिच्या आधाराने राहणारे सरडे-पालींसारखे प्राणीही घटले, असे तिथल्या अभ्यासकांना आढळले. हवाईत शेती, कुरणे आणि स्थानिक वनस्पती यांची नासधूस झाली, आणि २०२०-२१ च्या अवर्षणात मोलोकाईवर शेकडो चितळे उपासमारीने मेली. वाघाने जे काम थोडे थोडे करून केले असते ते दुष्काळाने एकदम केले. मला यात चितळाचा दोष दिसत नाही. त्याच्या शरीराला वाघाचा हिशेब ठाऊक आहे, वाघ नसण्याचा नाही.

सीर बनी यासवर यातली आणखी एक अट काढून घेतलेली आहे, ती पावसाची. तिथे वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस पडेल याची खात्री नसते. तरीही चितळे आहेत, कारण समुद्राचे पाणी गोडे करून ते लाखो झाडांना नळ्यांनी पाजले जाते, हौदांत पाणी असते आणि चारा घातला जातो. झाडे सरळ रांगांत लावलेली, मुळाशी काळ्या नळीतून थेंब थेंब पाणी. त्या रांगांच्या सावलीत चितळाचे ठिपके पुन्हा कामाला येतात. रांगेबाहेर खडीच्या उघड्या माळावर ते आले की मैलावरून दिसते. तिथे रीमचा फिका रंग भाव खाऊन जातो. बेटाभोवती समुद्र आहे आणि देखरेख करायला माणसे आहेत, म्हणून मोलोकाईची वेळ येत नाही. पण पंप बंद पडले तर रीमचे काय होईल आणि चितळाचे काय होईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. हे लिहिताना माझ्याच घरातल्या एअरकंडिशनरचा आवाज ऐकू येत होता, म्हणून अधिक बोलत नाही.

उद्यानात शिकारी मात्र आहे. तिथे चित्ते सोडलेले आहेत. आणि या नावाची गंमत पाहा. चित्ता हा शब्दही संस्कृत 'चित्रक' वरून आला, म्हणजे त्याच 'चित्र' धातूवरून. इंग्रजांनी त्याचा 'चीता' हा उच्चार उचलला आणि जगभर नेला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले, आणि तिथे त्यांचे मुख्य भक्ष्य चितळच आहे. म्हणजे कुनोत चितळ घरचे आणि चित्ता आणलेला. सीर बनी यासवर दोघेही आणलेले. भारतात सत्तर वर्षे एकमेकांना न दिसलेली ही दोन 'चित्र' नावाची जनावरे मधल्या काळात एका अरबी बेटावर शेजारी होती.

मुलीला हे सगळे सांगितले. तिने एकच विचारले, "मग इथे जन्मलेलं चितळ इथलं की तिथलं?" बाबा म्हणाले, "त्याला कोण विचारतंय?" मी विषय बदलला.

पण त्या संध्याकाळची एक आठवण सांगायची राहिली. परत फिरताना आमची जीप पुन्हा त्याच झाडांपाशी आली. डिसेंबर होता. कळपात एक मोठा नर टणक शिंगे घेऊन उभा होता, त्याच्या मागे एकाची शिंगे अजून मखमलीत होती. मोठा नर मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि वरची फांदी शिंगांनी घासू लागला, अगदी ताडोब्यात करतो तसा. मार्गदर्शकाने इंजिन बंद केले. समुद्राकडून वारा येत होता. तेवढ्यात कळपातून आवाज आला, 'कुक्'. पाय आपटले गेले, वीसच्या वीस कान एकाच दिशेला वळले. आम्ही सगळे त्या दिशेला कॅमेरे शोधत राहिलो. बाबा मात्र ऐंशीच्या घरातले असूनही सीटला धरून उठून उभे राहिले होते, कपाळावर हात आडवा धरून, आणि हलक्या आवाजात सगळ्यांना सांगत होते, "बोलू नका. वाघ जवळच आहे."